विमानाची नंबरप्लेट

एस.टी.च्या खिडकीत बसल्यावर वेळ कसा घालवायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायचे! एम.एच. १२ म्हणजे पुणं, एम.एच. ३१ म्हणजे नागपूर, एम.एच. ०९ म्हणजे कोल्हापूर आणि जी.ए. दिसलं की गोव्याचा पाहुणा. पण आकाशातून जाणाऱ्या विमानालाही अशीच नंबरप्लेट असते, हे कितीजणांनी पाहिलंय? पुढच्या वेळी विमानाचा फोटो समोर आला की शेपटीकडच्या भागात नीट बघा. भारतातलं विमान असेल तर तिथं मोठ्या अक्षरांत 'व्हीटी' लिहिलेलं दिसेल, मग एक आडवी रेघ आणि पुढे तीन अक्षरं. ही झाली त्या विमानाची नोंदणी. न्यूझीलंडचं विमान 'झेडके'नं सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं 'व्हीएच'नं, ब्रिटनचं 'जी'नं, नेपाळचं '९एन'नं. अमेरिकेचं नुसतं 'एन' आणि त्यापुढे जास्तीत जास्त पाच आकडे-अक्षरं. त्यातही 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वापरायचीच नाहीत असा नियम आहे, कारण 'आय' एकासारखा दिसतो आणि 'ओ' शून्यासारखा. घाईच्या वेळी चुकीचं वाचलं तर भलत्याच विमानाला हाक जायची!

या नंबराशिवाय विमानात आणखी एक छोटी पाटी असते. ती धातूची असते आणि आगीत जळणार नाही अशी असते. तिच्यावरही तोच नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. का, ते सांगायला नकोच. विमान जळून गेलं तरी ते कोणतं होतं हे कळावं, म्हणून.

मोठमोठ्या जेट विमानांच्या गोष्टी तुम्ही नेहमी वाचता. आज गोष्ट सांगायची आहे ती एका अगदी छोट्या, एकट्या माणसानं चालवायच्या, दिसायला काहीशा ओबडधोबड विमानाची. शेतावर औषध फवारणाऱ्या विमानाची. 'प्लेन्स' या २०१३ सालच्या कार्टूनपटातला डस्टी आठवतो? तोच तो. पडद्यावरचा डस्टी शर्यती जिंकतो. खऱ्या डस्टीची कुंडली मात्र खूपच खडतर आहे. ती वाचता येते ती या नंबरांमुळेच.

अळ्यांवर हल्ला

सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ३ ऑगस्ट १९२१ रोजी. ट्रॉय या गावाजवळ कॅटाल्पा नावाच्या झाडांची एक राई होती आणि त्या झाडांवर अळ्या तुटून पडल्या होत्या. पानं सगळी फस्त! झाडं उंच, खालून औषध मारणार कसं? तेव्हा सैन्यातल्या जॉन मॅक्रेडी या वैमानिकाला बोलावलं. त्याचं विमान होतं कर्टिस कंपनीचं, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, लाकूड आणि कापडाचं. विमानाच्या कुशीला पत्र्याची एक पेटी ठोकलेली, पेटीत शिसं आणि सोमल यांची विषारी भुकटी. मागच्या जागेवर एटिएन डॉर्मोय नावाचा इंजिनिअर बसला होता. ही पेटी त्यानंच तयार केली होती. तो हातानं दांडा फिरवणार आणि भुकटी खाली पडणार, अशी योजना. मॅक्रेडीनं झाडांच्या शेंड्यांवरून फेऱ्या मारल्या. भुकटी प्रत्यक्ष टाकायला सगळा मिळून एक मिनिटही लागला नाही, आणि दोन दिवसांत राईखाली अळ्यांचा सडा पडला.

(हाच मॅक्रेडी पुढे १९२३ साली ओक्ली केली या जोडीदाराबरोबर कुठंही न उतरता अख्खी अमेरिका ओलांडून गेला. असं करणारे ते पहिलेच. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

शेतकऱ्यांना ही धुरळणी भलतीच आवडली. माणसांना शेत पालथं घालायला जितके दिवस लागायचे, तितके तासही विमानाला लागत नव्हते. कापसाच्या शेतांवर तर विमानांची रांगच लागली. आज जगातल्या मोठ्या विमान कंपन्यांत गणली जाणारी 'डेल्टा' ही कंपनी मुळात कापसावर धुरळणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीतून निघाली आहे, सांगितलं तर खरं वाटतं का?

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेच्या सैन्याकडे शिकाऊ वैमानिकांची हजारो विमानं उरली. 'स्टिअरमन' नावाची दोन पंखी विमानं स्वस्तात विकायला निघाली. सैन्यातून परतलेले तरुण वैमानिकही होतेच. विमान घ्यायचं, पुढच्या सीटच्या जागी औषधाची टाकी बसवायची आणि धंदा सुरू! काहीजणांनी 'पायपर कब'सारख्या छोट्या विमानात टाकी मागं ठेवली, वैमानिकाच्या पाठीशी.

आणि इथंच घात होता.

पाठीमागचं ओझं

शेतावरच्या विमानाचं काम जरा डोळ्यांसमोर आणा. पिकाच्या वर तीन-चार मीटर, म्हणजे आपल्या घराच्या पत्र्याइतक्या उंचीवर, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगानं सरळ जायचं. शेताचा बांध आला की दांडी ओढून वर चढायचं, झाडावरून, तारांवरून पलीकडे जायचं, गर्रकन वळायचं आणि पुन्हा खाली. एका दिवसात असं किती वेळा? शंभर वेळा, कधी त्याहून जास्त. दुसऱ्या वैमानिकांना उंची हा मित्र असतो. इंजिन बंद पडलं तरी हजार मीटर उंचीवरून उतरायला जागा शोधता येते. इथं हातात उंचीच नाही, म्हणून वेळही नाही.

त्यातून वळताना वेग कमी झाला की पंखांना हवा धरेनाशी होते आणि विमान दगडासारखं पडतं. असे अपघात रोजच्याच बातम्या होऊ लागल्या. पडल्यावर काय व्हायचं? एस.टी.नं करकचून ब्रेक लावला की वरच्या फळीवरची वळकटी पुढच्याच्या डोक्यात येते ना, तसंच. गाडी थांबते, सामान थांबत नाही. विमान जमिनीवर आपटून थांबायचं, पण मागच्या टाकीतलं शेकडो किलो औषध थांबायचं नाही. ते सगळं वजन वैमानिकाच्या पाठीवर यायचं, आणि समोर तर इंजिन. मधल्या मध्ये माणूस.

तेव्हा बहुतेक लोक म्हणायचे, 'धंदाच असा आहे, नशिबात असेल तर वाचेल.' ज्याला हे पटत नव्हतं असा एक माणूस होता. त्याचं नाव ह्यू डी हॅवन.

डी हॅवन काही इंजिनिअरिंगचा प्राध्यापक नव्हता, की डॉक्टरही नव्हता. १९१७ साली तो अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी विमान चालवायला शिकत होता. हवेत दोन विमानांची टक्कर झाली आणि तो खाली पडला. वाचला, पण पोटाच्या आत जबरदस्त इजा झाली. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं विचार केला. विमानाचा तो भाग तर फारसा मोडला नव्हता, मग मला इतकं लागलं कशानं? उत्तर सापडलं ते भलतंच साधं. कमरेच्या पट्ट्याचं टोकदार बकल पोटात घुसलं होतं!

ही गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढं त्यानं उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या हकीकती गोळा केल्या. कुणी इमारतीवरून मऊ मातीत पडलं होतं, कुणी पत्र्यावर. अंडी वेगवेगळ्या उंचीवरून मऊ थरांवर टाकून बघितली. (हा प्रयोग घरी करायचा मोह होईलच. आईला विचारल्याशिवाय करू नका, आणि केलाच तर खाली परात ठेवा.) शेवटी १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, अपघातातल्या इजांचा अभ्यास करण्यासाठी त्यानं एक प्रकल्पच सुरू केला. त्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, अंडं फुटू नये म्हणून जशी चांगली पेटी बांधतो, तशी माणसासाठीही बांधा.

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, एकच आहे. समजा, ताशी १०० किलोमीटर वेगानं आलेलं विमान आपटून एका मीटरच्या अंतरात थांबलं. मग शरीरावर पडणारा ताण आपल्या वजनाच्या सुमारे ४० पट असतो. याला '४० जी' म्हणतात. तुमचं वजन ४० किलो असेल, तर त्या क्षणभरासाठी तुम्हाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याला १६०० किलोचं ओझं पेलावं लागेल! पण तेच विमान दोन मीटरमध्ये थांबलं तर ताण निम्मा, म्हणजे २० जी. म्हणजे विमानाचा पुढचा भाग जितका हळूहळू चुरगळेल, तितकं माणसाच्या वाट्याला कमी येईल. फक्त माणूस ज्या खोलीत बसला आहे ती खोली चुरगळता कामा नये, आणि त्याला बांधणारा पट्टा तुटता कामा नये. तुमच्या घरी मोटार असेल तर तीही आज याच तत्त्वावर बनलेली असते.

माणसाभोवती बांधलेलं विमान

फ्रेड वाइक हा विमानांचा नावाजलेला इंजिनिअर. त्यानं आधी 'एरकूप' नावाचं एक छोटं विमान बनवलं होतं. ते गिरक्या घेत कोसळू नये, नवशिक्यालाही चालवता यावं, अशी त्याची रचना होती. १९४८ साली तो टेक्सासच्या शेतकी आणि तंत्र महाविद्यालयात आला. तिथं त्याच्यावर काम सोपवलं गेलं ते फक्त शेतीसाठी विमान बनवण्याचं. जुन्या विमानात टाकी ठोकून नव्हे, अगदी पहिल्या रेघेपासून.

वाइकनं डी हॅवनचं संशोधन समोर ठेवलं आणि वैमानिकाची जागा ठरवली. १ डिसेंबर १९५० रोजी त्याचं 'एजी-१' हे विमान पहिल्यांदा उडालं. वैमानिक उंचावर बसलेला, समोरचं नाक खाली उतरतं, त्यामुळे पीक, बांध, तारा सगळं स्वच्छ दिसायचं. त्याची खुर्ची आणि पट्टे ४० जी झेलतील असे.

पुढं पायपर कंपनीनं वाइकला मदत केली, मग त्यालाच बोलावून घेतलं, आणि त्यातून १९५९ साली 'पॉनी' हे विमान बाजारात आलं. (पॉनी हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचं नाव. घोड्याच्या पिल्लाशी संबंध नाही बरं का!) बाजूनं बघितलं तर पॉनी गमतीदार दिसतं. पुढं इंजिन, मग टाकी आणि पार मागं, पाठीवर कुबड असावं तसा वैमानिक. पण तो कुबडच सगळ्यांत महत्त्वाचा. टाकी आता वैमानिकाच्या समोर आली होती. विमान आपटलं तर इंजिन आणि टाकी आधी चुरगळणार, ताण खाणार. ओझं माणसाच्या अंगावर न येता त्याच्यापासून दूर, पुढं जाणार. भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून येणारे पट्टे, समोरच्या फळीला मऊ अस्तर. चाकांच्या पायांना पुढच्या बाजूनं धारदार पाती, म्हणजे विजेची तार आडवी आली तर कापली जावी. आणि वैमानिकाच्या डोक्यावरच्या छतापासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणून बांधलेली एक तार, म्हणजे वरून सरकणारी तार शेपटीत अडकू नये. शिवाय एक तरफ ओढली की टाकीतलं सगळं औषध काही क्षणांत खाली! विमान हलकं झालं की वर उचलतं.

१९८१ पर्यंत सुमारे ५००० पॉनी तयार झाली. पुढं सेसना कंपनीनंही याच धर्तीवर '१८८' हे विमान काढलं, त्याचीही संख्या ४००० च्या घरात गेली.

पण म्हणून पॉनी पहिल्याच दिवशी परिपूर्ण होतं असं समजू नका. सुरुवातीच्या पॉनीत पेट्रोलची टाकी इंजिन आणि औषधाची टाकी यांच्या मधे होती. आपटल्यावर जो भाग चुरगळायचा, नेमका तिथंच पेट्रोल! म्हणजे हाडं वाचली तरी आगीची भीती उरलीच. नंतरच्या मॉडेलमध्ये पेट्रोल उचलून पंखांत नेलं. १९९५ साली आणखी एक हुकूम निघाला. जुनी पॉनी आता पिकावरची औषधं आणि खतं खाऊन आतून गंजत होती. म्हणून पंख जिथं धडाला जोडलेले असतात, ते सांधे उघडून गंज आणि चिरा तपासायच्या, असा तो हुकूम होता. बाहेरून रंगवलेलं, चकचकीत विमान आतून पोखरलेलं असू शकतं, हे वरवर पाहून थोडंच कळणार?

मग ते कळलं कसं? इथं आपली नंबरप्लेट पुन्हा येते.

नंबर सांगतो गोष्ट

अमेरिकेत विमानाला अपघात झाला की सरकारी तपास अधिकारी अहवाल लिहितात. त्यात पहिल्याच पानावर नोंदणी क्रमांक असतो. १९६२ पासूनच्या अपघातांची माहिती कुणालाही बघता येते. एखाद्या शेतकी विमानाचा नंबर टाकला की त्याची कुंडलीच पुढ्यात येते. अमुक साली इंजिन बंद पडलं, तमुक साली तारेला धडकलं. अशा शेकडो कुंडल्या शेजारी शेजारी ठेवल्या की एखादी खोड एका विमानाची आहे की सगळ्या जातीची, ते दिसायला लागतं. आणि जगभरच्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे : या तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाचा ते ठरवणं हा नाही. मला हा नियम फार आवडतो. शिक्षेची भीती नसली की माणसं खरं सांगतात.

गंमत म्हणजे नंबर बदलूही शकतो. विमान दुसऱ्या देशात विकलं की जुनं नाव पुसायचं, तिथलं नवं घ्यायचं. एकाच वेळी दोन देशांच्या वहीत नाव ठेवता येत नाही. बदलत नाही तो कारखान्यानं दिलेला क्रमांक. त्यामुळे आज इंग्लंडमध्ये ग्लायडर ओढणारं एखादं पॉनी (म्हातारपणी बऱ्याच पॉनींना हेच काम मिळालं, ते त्यांना छान जमतंही) एकेकाळी कुठल्या देशात कोणत्या नावानं पिकावर फिरत होतं, हे त्या क्रमांकावरून शोधता येतं. शेतकी विमानं तर पडतात, पुन्हा बांधली जातात. नवा पंख, नवं इंजिन, नळ्यासुद्धा नव्या. जुन्या वाड्याचे वासे, कौलं, दारं एकेक करून बदलली तरी आपण त्याला त्याच घराण्याचा वाडा म्हणतो, तसंच हे.

कुंडल्यांमधला सगळ्यांत मोठा शत्रू आजही तोच आहे : तारा. विजेचा खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधत बसत नाहीत, खांब शोधतात. फवारणीआधी शेताभोवती एक फेरी मारून कुठं काय आहे ते डोक्यात पक्कं करतात. अलीकडच्या काळात एक नवा शत्रू आला. पवनचक्क्या उभारण्याआधी वारा मोजायला लोखंडी बारीक मनोरे उभे करतात. काही तासांत उभा राहतो, काल नव्हता आणि आज आहे! अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच बांधकामांना खुणा कराव्या लागतात. हे मनोरे त्याच्या जराच खाली असायचे, म्हणजे ना रंग, ना दिवा. काही वैमानिक यात दगावले. त्यांच्या सोबत्यांनी पाठपुरावा केला तेव्हा २०११ साली मनोरे रंगवण्याच्या सूचना निघाल्या आणि २०१६ साली त्यासाठी कायदा झाला.

एक शत्रू मात्र पार पळाला. पूर्वी विमानानं कुठल्या ओळीवरून जायचं हे दाखवायला शेतात माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा. विमान अंगावर येणार, औषध डोक्यावर पडणार, आणि हा झेंडा हलवणार! १९९० नंतर उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं विमानात आली आणि झेंडेवाला सुटला.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारणारच. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं 'बसंत' नावाचं शेतकी विमान बनवलं होतं. त्याचं सुधारलेलं रूप मार्च १९७२ मध्ये उडालं. वैमानिक उंचावर, टाकी त्याच्या पुढ्यात, म्हणजे वाइकचा धडा आपल्या लोकांनीही गिरवला होता. पण १९८० पर्यंत चाळिसेक विमानं झाली आणि काम थांबलं. आपली शेतं लहान, बांधाबांधाला झाडं आणि वस्ती. आता फवारणीला ड्रोन येऊ लागले आहेत. त्यात वैमानिक जमिनीवरच उभा असतो. २०२१ च्या नियमांनुसार अशा ड्रोनलासुद्धा सरकारी नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पाठीवर पंप बांधून फवारणी करण्यात किती धोका आहे, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलं आहे. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन तिथं वीसहून जास्त माणसं गेली.

एन ३०७७१

नंबराचा आणखी एक उपयोग असतो. रेडिओवर विमानाला त्याच्या नंबरानंच हाक मारतात. आणि एकदा एका शेतकी विमानाची ही हाक अर्ध्या समुद्रानं ऐकली.

डिसेंबर १९७८. नाताळ तीन-चार दिवसांवर आलेला. जे प्रॉकनो हा अमेरिकन आरमारातून निवृत्त झालेला वैमानिक एक नवं सेसना १८८ विमान अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला पोचवायला निघाला होता. तिथं पोचल्यावर त्या विमानाला 'व्हीएच'चं नाव मिळणार होतं. तोवर ते होतं एन ३०७७१. बरोबर तसंच दुसरं विमान घेऊन त्याचा एक सोबती. पिकावर घिरट्या घालायच्या विमानानं प्रशांत महासागर ओलांडायचा! अशा प्रवासात औषधाच्या टाकीत पेट्रोल भरायची पद्धत आहे.

अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून उडताना सोबत्याचं विमान कोसळलं. तो मात्र सहीसलामत बाहेर आला. प्रॉकनो परत उतरला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. पुढचा मुक्काम नॉरफोक बेट, अंतर सुमारे २७०० किलोमीटर, वेळ १४ तास. बेट केवढं? एका दिवसात पायी फिरून व्हावं एवढं.

वेळ झाली, बेट काही येईना. दिशा दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. खाली पाणी, चारी बाजूंना पाणी. त्यानं ऑकलंडला कळवलं : मी हरवलो आहे.

त्या भागात तेव्हा मदतीला येईल असं एकच विमान होतं. फिजीहून ऑकलंडला निघालेलं एअर न्यूझीलंडचं डीसी-१०, आत ८८ प्रवासी. कॅप्टन गॉर्डन व्हेट. त्यानं प्रवाशांना सांगितलं आणि विमान वळवलं. नशिबानं माल्कम फोरसाइथ हा जाणकार दिशादर्शकही प्रवाशांत होता. तो पुढं येऊन बसला.

पण शोधायचं कसं? सेसना एवढंसं, समुद्र एवढा. रडारवर दिसायचा प्रश्नच नव्हता. व्हेटनं विचार केला : आम्हा दोघांनाही दिसतो असा एकच जण आहे, तो म्हणजे सूर्य! त्यानं प्रॉकनोला सांगितलं, सूर्याकडे तोंड कर, होकायंत्र वाच. मग हात लांब कर आणि क्षितिजापासून सूर्य किती बोटं वर आहे ते मोज. प्रॉकनो म्हणाला, चार बोटं. व्हेटनं स्वतः मोजलं, दोन बोटं.

सूर्य पश्चिमेला होता. ज्याला तो जास्त वर दिसतो, तो जास्त पश्चिमेला. हात लांब केल्यावर एक बोट म्हणजे सुमारे दोन अंश. दोन बोटांचा फरक म्हणजे चार अंश. आणि पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. करा गुणाकार! पट्टी नाही, यंत्र नाही, नुसत्या बोटांनी कळलं की सेसना कुठल्या दिशेला आणि साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे.

जवळ गेल्यावर दुसरी युक्ती. जवळच्या पल्ल्याचा रेडिओ ठरावीक अंतरापर्यंतच ऐकू येतो. म्हणजे हरवलेल्या विमानाभोवती आवाजाचं एक अदृश्य वर्तुळच असतं. ते विमान एका जागी घिरट्या घालतं. शोधणारं विमान सरळ जातं, आवाज कुठं सुरू झाला आणि कुठं तुटला ते नकाशावर टिपतं, वळतं, पुन्हा टिपतं. मिळाल्या दोन जीवा! जीवेचा लंबदुभाजक वर्तुळाच्या केंद्रातून जातो, हे भूमितीत पाठ केलंय ना? दोन लंबदुभाजक जिथं छेदतील, तिथं सेसना.

तोवर सूर्य बुडाला. त्याचाही उपयोग करून घेतला. प्रॉकनोला सूर्यास्त किती वाजता दिसला आणि नॉरफोक बेटावर किती वाजता झाला, याची तुलना केली. जितकं पूर्वेला, तितका सूर्यास्त आधी. सेसना बेटाच्या पूर्वेला आहे असं निघालं. मग अंधार. डीसी-१०नं दिवे लावले, पण प्रॉकनोला ते काही दिसेनात. पेट्रोल संपत चाललेलं. पाण्यात उतरायची वेळ आली तर काय करायचं, याचं बोलणं सुरू झालं होतं.

आणि प्रॉकनोला खाली एक दिवा दिसला.

तो होता पेनरॉड नावाच्या तेलविहिरीच्या तराफ्याचा. न्यूझीलंडहून सिंगापूरकडे तो ओढत नेत होते. त्यांच्याशी बोलणं झालं, त्यांनी आपली नेमकी जागा सांगितली. डीसी-१० मधल्या मंडळींनी बोटांनी आणि भूमितीनं काढलेल्या जागेपासून ती फारशी दूर नव्हती. आता बेटाची दिशा पक्की झाली. पेट्रोल पुरेल का, एवढाच प्रश्न उरला. व्हेट आपले प्रवासी घेऊन ऑकलंडला गेला, आणि १४ तासांसाठी निघालेलं एन ३०७७१ हवेत २३ तास ५ मिनिटं काढून मध्यरात्रीच्या अंधारात नॉरफोकच्या धावपट्टीवर टेकलं.